जयवंताचा खडक

माझ्या पुतणीच्या, कल्याणीच्या, मुलीचं बारसं झालं ते साल २०५१. महिना मार्गशीर्ष. आमच्या घरात सालं अशीच लक्षात राहतात. ज्या साली कल्याणी पाचवीत होती, त्या साली तिचा बाप समुद्रावर गेला आणि परत आला नाही. तो माझा थोरला भाऊ मोरेश्वर. मी त्याला दादा म्हणायचो.

बारशाला पाळण्याभोवती सवाष्णी जमल्या. बाळाला पाळण्याखालून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात द्यायचं असतं. माझी वहिनी शेवंती, म्हणजे बाळाची आजी, हात पुढे करून बसली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. कल्याणीच्या सासूने बाळ आपल्याच मांडीवर धरून ठेवलं.

"शेवंतीबाय, रागावू नकात. पण आधी ठरवा तरी, तुमी कोण? सवाशीण की दुसरा काय? चोवीस वर्षांत ठरूक नाय?"

 कल्याणीने मान खाली घातली. वहिनीने हात मागे घेतले आणि म्हणाली, "चाय टाकतंय मी. कोणाक साखर कमी होयी?"

तिने चोवीस वर्षं हेच केलं होतं. सात वर्षं झाली तेव्हा कचेरीतले लोक म्हणाले, आता कायद्याने मेला असं लिहून घेता येईल. ती म्हणाली, चाय घेतलात? बारा वर्षं झाली तेव्हा भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा. तिने त्यांनाही चहा दिला. प्रेत नाही, होडी नाही, एक फळी किनाऱ्याला लागली नाही. माणूस मेला हे कोणी सांगायचं?

गावात दुसरीही कुजबुज होती. वादळाने होडी गुजरातकडे नेली, वेरावळच्या बंदरात मोरेश्वरला कोणी तरी बघितलं, तिथे त्याने दुसरं घर केलं. वहिनी ते ऐकून घ्यायची आणि उत्तर द्यायची नाही.

दादा हरवला तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. आठव्या वर्षापासून मी पाण्यावर. जबाबाच्या कागदावर मी अंगठा दिला आणि वर काय लिहिलं ते मला कळलं नाही. घरी आल्यावर वहिनीने तो कागद वाचून दाखवला. "वादळाचा अंदाज असूनही स्वतःच्या जबाबदारीवर गेला," असं मी सांगितल्याचं त्यात होतं. मी तसं सांगितलंच नव्हतं. वहिनी सातवी शिकलेली. दुसऱ्या दिवसापासून तिने कल्याणीची जुनी पाटी काढली आणि चव्वेचाळीस वर्षांच्या दिराला अ-आ-इ शिकवायला बसली. "परत अंगठो देवचो नाय," एवढंच म्हणाली.

त्या अक्षरांच्या जोरावरच पुढे मला नोकरी मिळाली.

*

देवगडच्या समोर समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या. त्यांच्या तारा तळावरून किनाऱ्याला आणायच्या, तर तळ कसा आहे ते हातभर-हातभर माहीत हवं. त्यासाठी कंपनीने तीन होड्या आणल्या. माणूस नसलेल्या. वीस फूट लांब, पाठीवर सूर्याच्या पट्ट्या, पोटात बॅटरी. त्यांना इंग्रजी नावं होती, मी तांबडी, पिवळी, निळी म्हणायचो. बंदरावरच्या खोलीत दोन पडद्यांसमोर बसून त्या चालवायच्या. खरं तर त्या स्वतःच चालायच्या. माणसाने जाळी, तरंगते बोये, डॉल्फिन यांच्यापासून त्यांना लांब ठेवायचं, आणि तळावर जे दिसेल त्याला नाव द्यायचं. पडद्यावर यंत्र विचारतं: खडक, होडी, जाळं की ठाऊक नाही? शहरातून आलेली मुलं सगळ्यालाच खडक म्हणायची. म्हणून कंपनीने आमच्यासारखे चार म्हातारे मच्छीमार घेतले. नऊ वर्षं मी हे काम केलं. माझं काम म्हणजे शंका घेणं.

कामाला लागलो त्या दिवशी आम्हाला विचारलं होतं, जाळी अडकतात अशा जागा सांगा. मी माझी सांगितली. कुणकेश्वराचं शिखर आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली, आणि दीपगृह डाव्या खांद्यावर राहिलं, की खाली अठरा वाव, म्हणजे शंभरावर फूट, पाण्यात खडक. दादा गेल्याच्या पुढच्या वर्षी डिसेंबरात तिथे माझं अख्खं जाळं गेलं होतं. गावात त्याला माझ्याच नावाने जयवंताचा खडक म्हणतात. तेवीस वर्षांत त्याच्यावरून कोणी जाळं ओढलेलं नाही.

बारशानंतरच्या मंगळवारी तांबडी त्या बाजूला होती. पडद्यावर तळ पिवळ्या-निळ्या रंगात सरकत होता, आणि जिथे खडक असायला हवा तिथे होडी आली.

खडकाचा पत्ता नव्हता. होडी चिखलात अर्धी रुतलेली, एका कुशीवर कललेली. मी चित्र मोठं केलं. फासळ्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार, आणि मग दोन फासळ्या अगदी जवळजवळ, मुठीएवढ्या अंतरावर.

दादाने होडी घेतली तेव्हा ती आखूड होती. त्याने ती मधोमध कापून तीन फूट वाढवली. सुतार म्हणाला, जोडाजवळ दोन फासळ्या लागून टाकू, म्हणजे तुटणार नाही. सबंध देवगडात तशी होडी दुसरी नव्हती. मी स्वतः त्या फासळ्यांना तेल लावलं होतं.

यंत्राने विचारलं: खडक, होडी, जाळं की ठाऊक नाही? मी "ठाऊक नाही" दाबलं.

आमच्या खोलीची प्रमुख मृण्मयी साठ्ये, रत्नागिरीची, वय तिशीचं. समुद्राच्या तळाविषयीच तिने मोठं शिक्षण घेतलेलं. माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"कुबलकाका, तुम्ही आणि ठाऊक नाही? अहो, मलासुद्धा होडी दिसते."

मी तिला सांगितलं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. मग म्हणाली, "कोणत्या वर्षी?"

"सत्तावीस. त्रिपुरी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी."

तिने काही बटणं दाबली आणि तिचा चेहरा गोंधळला. "यंत्र वेगळं सांगतंय."

ते वेगळं म्हणजे काय हे इथे सांगितलं पाहिजे. तांबडी दोन आवाज पाण्यात सोडते. बारीक आवाज तळावर आपटून परत येतो, त्यावरून आकार कळतो. जाड आवाज चिखलात शिरतो आणि थराथरावरून थोडा थोडा परत येतो. पावसाळ्यात आमच्या नद्या तांबडा, भरड गाळ समुद्रात आणतात. उरलेलं वर्ष वरून सूक्ष्म जिवांची बारीक कवचं पडत राहतात. म्हणून तळावर एक भरड थर, एक मऊ थर, असं दरवर्षी चढतं. गोधड्यांच्या चळतीसारखं. पूर्वी हे थर चिखलाची नळी काढून प्रयोगशाळेतच मोजता यायचे. नवा जाड आवाज ते पाण्यावरूनच मोजतो. बुडालेल्या वस्तूवर किती गोधड्या आहेत ते मोजलं, की ती कधी बुडाली ते कळतं.

अठ्ठावीसपासून एक्कावन्नपर्यंत पावसाळे चोवीस. दादाच्या होडीवर चोवीस थर हवेत.

होते तेवीस.

"म्हणजे अठ्ठावीसच्या पावसाळ्यानंतर बुडाली," मृण्मयी म्हणाली. "वादळानंतर जवळजवळ वर्षाने."

"यंत्र चुकत असेल."

"बाकीच्या तळावर बघा. जिथे मोजलं तिथे थर बरोबर येतात, एकही कमी नाही. फक्त होडीवर एक कमी." ती हळू आवाजात म्हणाली, "काका, सोमवारी अहवाल जायचाय. सगळ्यांना उघडा असतो तो. होडी, जागा, बुडाल्याचं साल, आणि खाली तुमची सही. तुमची शंका असेल तर त्याआधी सांगा. पण शंकेला कारण लागतं."

मी मोटरसायकल बंदरावरच ठेवून चालत घरी गेलो. एक वर्ष. एक वर्ष दादा कुठे होता? आणि जयवंताचा खडक कुठे गेला? दोन गोष्टी हरवल्या की माणूस कुठली शोधायची तेच विसरतो.

*

वहिनी मागल्या दारी विळीवर तिसऱ्यांचे शिंपले कापत होती. मी तिला न सांगता राहू शकलो असतो. पण अक्षरं तिने शिकवलेली, आणि सोमवारी तिने ते अहवालातच वाचलं असतं.

"वहिनी, दादाची होडी मिळाली."

विळी थांबली.

"खय?"

"खडकाकडे. माझ्या खडकाकडे. पण यंत्र म्हणता, होडी वर्षभरानी बुडली. अठ्ठावीसात."

मला वाटलं ती रडेल किंवा वेरावळची आठवण काढून चिडेल. तिने विळी आडवी केली, हात पदराला पुसले.

"म्हणजे वादळात नाय गेले?"

"यंत्र म्हणता नाय."

"वर्षभर होते?"

"तसा म्हणता."

ती हसली. चोवीस वर्षांत तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. "वर्षभर जगले! खयतरी रवले, जेवले, झोपले. भावजी, नाळ खय होती?" नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक.

"देवगडाकडे."

"घराकडे येत होते मगे."

"वहिनी, तो वर्षभर आला नाही. निरोप नाही, काही नाही. लोक आता काय म्हणतील?"

"लोकांका काय ता म्हणू दे. तुमका कळता काय? मी चोवीस वर्षां त्यांका त्याच एका दुपारी मारतंय. रोज. ती लाट, तो वारो. आता ता नको. त्यांका एक दिवाळी गावली, एक गणपती गावले. कोणी रांधून घातला असात तर घातला."

पुढचे चार दिवस ती ते वर्ष घडवत राहिली. दादाला पाठीचं दुखणं होतं, ते त्या वर्षी कमी झालं असेल का? तिथे त्याला भात मिळायचा की भाकरीच? आणि एक वर्ष राहून परत यायचं ठरवलं, ते कोणत्या महिन्यात? शुक्रवारी तिने शेजारच्या बायांनाही सांगितलं. शनिवारी कल्याणीचा फोन आला. ती रडत होती.

"काका, सासूबाई म्हणतात, बघा, बापाने दुसरं घर केलंच होतं. आईला जरा गप्प बसायला सांगा ना. मला इथे राहायचंय."

आईला ते वर्ष हवं होतं आणि मुलीला नको होतं. खरं काय, ते मला माहीत नव्हतं. यंत्राने ते सांगितलं होतं आणि माझं डोकं ते घेत नव्हतं.

*

रविवारी मी एकटाच कामावर गेलो. सुट्टी होती, पण मृण्मयीने फोनवर परवानगी दिली. मला दादा शोधायचा नव्हता. मला खडक शोधायचा होता. जाळं अडकलं ते मी स्वतःच्या हातांनी बघितलं होतं, दोर ताणला गेला, ट्रॉलरचं मागचं टोक पाण्यात दबलं, इंजिन धापा टाकायला लागलं. मी कोयता घेऊन आधी डावा दोर तोडला, मग उजवा. तिथे खडक होताच. यंत्राला तो दिसत नसेल, तर यंत्राचं तेवीसही मी मानणार नव्हतो.

तांबडीला होडीभोवती मोठ्या फेऱ्यांत घातलं. तीन मैलांपर्यंत. चिखल, चिखल, चिखल. खडक नाही. मग थरांचं चित्र लावलं आणि अठ्ठावीसचा थर तेवढा रंगवायला सांगितलं. तळ सगळा तांबडा झाला. फक्त एक पट्टा कोरा राहिला. चाळीस फूट रुंद, सरळ, ईशान्येकडून आलेला. दोन मैलांवरून येत होता आणि होडीवर येऊन थांबत होता. होडीच्या पलीकडे तळ परत तांबडा.

मी ट्रॉलरवर आयुष्य घालवलेला माणूस. तो पट्टा काय आहे ते मला विचारायला नको होतं. जड जाळं तळावरून ओढलं की वरचा ताजा गाळ खरवडून निघतो. ते जाळं त्या साली कोणी तरी ईशान्येकडून ओढत आणलं होतं. पावसाळा संपल्यावर, अठ्ठावीसचा थर नुकता बसला होता तेव्हा. आणि होडीवर येऊन ते अडकलं होतं.

बारीक आवाजाने होडी परत बघितली. आता काय शोधायचं ते माहीत होतं. नाळेपासून इंजिनापर्यंत जाळं पडलेलं होतं, शिशाच्या गोळ्यांची ओळ फळ्यांवरून खाली उतरलेली. दोन दोर. डावा आखूड, उजवा त्याहून लांब.

मी मृण्मयीला फोन केला. ती धावत आली, केस ओले, पायात घरातल्या चपला. पडदा बघितला.

"यंत्राने बाजूचा तळ तपासला होता," ती म्हणाली, "पण मैलभर लांबचा. तिथे जाळं फिरलंच नव्हतं. मी हे बघायला हवं होतं." मग थोड्या वेळाने, "हे कोणी ओढलं असेल?"

"मी."

तिला कळलं नाही. मग कळलं.

"याला दुसरा पुरावा आहे?" मी विचारलं. "माझ्या शब्दाशिवाय?"

"पट्टा आहे. जाळं आहे. जाळ्याखाली चिखलाचा पातळ पापुद्रा उरलाय, भरड, म्हणजे पावसाळ्याचा. जाळं पडलं तेव्हा होडीने एक पावसाळा बघितलेला होता." तिने डोळे पुसले. "थर चोवीसच होते, काका. एक तुमच्या जाळ्याने नेला."

माझी आई म्हणायची, पाण्यातलं पाण्याला सांगावं. मला घरी सांगायचं होतं.

*

वहिनी ओट्यावर बसली होती. समोर मी शिकलो ती जुनी पाटी, तिच्यावर खडूने महिने लिहिलेले, कार्तिकापासून पुढच्या मार्गशीर्षापर्यंत. दादाच्या वर्षाचे महिने ती लावत होती.

"या. माघात ते खय असतील, सांगा बघू?"

"वहिनी, तो वर्षभर कुठेच नव्हता."

मी सगळं सांगितलं. पट्टा, थर, जाळं, दोर. मी खडक समजलो ते. तेवीस वर्षं गावाला त्याच्यावरून जाऊ दिलं नाही तेही.  बोलून झाल्यावर रस्त्यावरून एक रिक्षा गेली आणि तिचा आवाज बंदरापर्यंत ऐकू येत राहिला.

"पाच दिस होता ता वर्ष माझ्याकडे," वहिनी म्हणाली.

"हो."

"माका सांगूक नसतास तर?"

"कल्याणीला ते वर्ष खाऊन टाकत होतं. आणि खोटं होतं ते."

"खोटा तर खोटा." ती पाटीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते तुमच्या जाळ्यात इल्ले, भावजी. आणि तुमी दोर तोडलात."

  मी तिथेच पायरीवर बसलो. तिने मला उठ म्हटलं नाही, की आत ये म्हटलं नाही. ऊन पायरीवरून खाली गेलं.

मग तिने विचारलं, "त्या दुपारी नाळ घराकडेच होती मगे?"

"घराकडेच. वारा समोरून होता, तरी."

"वेरावळाक नाय गेले."

"नाही."

"दुसरा घर नाय."

"नाही, वहिनी."

तिने ओल्या फडक्याने पाटी पुसली. कार्तिकापासून मार्गशीर्षापर्यंत सगळी. पुसताना एकेका महिन्यावर हात थोडा थांबत होता. मग पाटी आणि खडू माझ्यापुढे सरकवला.

"उद्या तुमी काय लिवतलास, ता हय लिवा. माज्यासमोर. अंगठो नको."

मी लिहिलं. अक्षरं पहिल्या वर्षासारखी मोठी आली. तिने पाटी मांडीवर घेतली, दोनदा वाचली, ओठ हलवत. मग हातातल्या बांगड्या एकेक करून स्वतःच काढल्या आणि फोडल्या नाहीत, पाटीशेजारी ठेवल्या.

"आता विहीणबायक सांगा," ती म्हणाली, "मी कोण ता ठरला."

ती आत गेली. थोड्या वेळाने कप वाजले. तिने दोन चहा आणले, एक माझ्यापुढे ठेवला आणि साखर विचारली नाही.

सोमवारी अहवाल गेला. तारा होडीपासून दोनशे हात लांबून न्यायचं ठरलं, ती जागा तशीच ठेवायची. साल या रकान्यात यंत्राने घातलेलं अठ्ठावीस मी खोडलं, कारण लिहिलं आणि खाली सही केली. पाटीवर लिहिलं होतं तेच शेऱ्यात लिहिलं:

ही होडी माझ्या भावाची आहे. तिच्यावरचं जाळं माझं आहे. इथे खडक नाही. मोरेश्वर बाळा कुबल, वय शेहेचाळीस, देवगडला घरी परत येताना, मंगळवार दिनांक १६ नोव्हेंबर २०२७ रोजी दुपारच्या वादळात मेला.